ना धड वर, ना धड खाली: १९५९ च्या यँकीजचा हंगाम आकड्यांतून कसा वाचायचा

बेसबॉलमध्ये पेनंट, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलेल्या संघाचा हंगाम वाचायला सोपा असतो आणि तळाला गेलेल्या संघाचाही. डोकं खातो तो मधला संघ. न्यूयॉर्क यँकीजने १९४९ ते १९६४ या १६ हंगामांत १४ वेळा अमेरिकन लीग (बेसबॉलच्या दोन मुख्य लीगपैकी एक) जिंकली. हुकली ती दोनदाच. १९५४ साली १०३ सामने जिंकूनही क्लीव्हलँडच्या १११ विजयांपुढे त्यांचं काही चाललं नाही, त्यामुळे तो हंगाम सुमार म्हणताच येत नाही. १९५९ चा मात्र खरोखर सुमार होता: ७९ विजय, ७५ पराभव, तिसरा क्रमांक, आणि २० मे रोजी तर संघ चक्क तळाला.

असं का झालं याची उत्तरं तेव्हाही तयार होती. बॅटर मँटलची बॅट थंडावली, पहिल्या बेसवरचा स्कोरॉन जखमी झाला, पिचर (चेंडू टाकणारा) टर्लीची धार गेली. तिन्ही खरी आहेत. पण कोणत्या कारणाने किती धावा गेल्या हे त्यातून कळत नाही. ते काढायचं तर क्रम पाळावा लागतो: आधी संघाच्या धावा, मग लीगची सरासरी, मग खेळाडू, आणि बातम्यांतली कारणं सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमाने गेलात तर बातमीत वाचलेलं कारणच आकड्यांत दिसायला लागतं.

हाताशी काय हवं

लीगमधल्या आठही संघांचा अंतिम तक्ता, केलेल्या आणि दिलेल्या धावांसकट, आणि तोही सलग दोन वर्षांचा. एकट्या संघाचा तक्ता घेऊन बसणं ही पहिली चूक. सामनावार निकाल रेट्रोशीट या संकेतस्थळावर मिळतात, हंगामाचे आकडे बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर. साधी स्प्रेडशीट पुरते.

१९५९ चा तक्ता असा आहे (विजय-पराभव, केलेल्या धावा, दिलेल्या धावा):

शिकागो व्हाइट सॉक्स: ९४-६०, ६६९, ५८८
क्लीव्हलँड: ८९-६५, ७४५, ६४६
न्यूयॉर्क: ७९-७५, ६८७, ६४७
डेट्रॉइट: ७६-७८, ७१३, ७३२
बोस्टन: ७५-७९, ७२६, ६९६
बाल्टिमोर: ७४-८०, ५५१, ६२१
कॅन्सस सिटी: ६६-८८, ६८१, ७६०
वॉशिंग्टन: ६३-९१, ६१९, ७०१

तक्ता उतरवला की लगेच ताळा घ्या. केलेल्या धावांची बेरीज ५३९१, दिलेल्या धावांचीही ५३९१. लीगमध्ये एकाने केलेली धाव दुसऱ्याने दिलेलीच असते, त्यामुळे या दोन बेरजा जुळल्याच पाहिजेत. विजयांची बेरीज ६१६ यायला हवी: प्रत्येक संघ सात प्रतिस्पर्ध्यांशी प्रत्येकी २२ सामने खेळतो म्हणजे १५४, गुणिले ८, भागिले २. यातलं काही जुळलं नाही तर पुढे जाऊ नका. बहुधा कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झालेली असते. फरक ९ च्या पटीत आला तर ती शंका पक्की धरा.

काही ठिकाणी 'सामने' या रकान्यात १५५ किंवा १५६ दिसतं. ती छापण्याची चूक नव्हे. पाऊस किंवा अंधारामुळे बरोबरीत थांबलेला सामना पुन्हा खेळवला जाई. पहिल्या सामन्यातली वैयक्तिक आकडेवारी मात्र धरली जाई. टक्केवारी काढताना भागाकार विजय अधिक पराभव यांनीच करायचा: ७९ भागिले १५४, म्हणजे ०.५१३.

पहिल्या क्रमांकापासूनचं अंतर काढायला विजयांतला फरक आणि पराभवांतला फरक मिळवून निम्मे करा. (९४−७९) अधिक (७५−६०), भागिले २: १५ सामने.

धावांवरून विजय

आता बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक बिल जेम्स याचं सूत्र. केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. ६८७ चा वर्ग ४,७१,९६९, ६४७ चा वर्ग ४,१८,६०९, बेरीज ८,९०,५७८. भागाकार ०.५३०. याला १५४ ने गुणलं की ८१.६. म्हणजे या धावांवर साधारण ८२ विजय अपेक्षित होते आणि मिळाले ७९. दोन-तीन सामन्यांचं दुर्दैव, त्यापेक्षा जास्त नाही. हिशोब तोंडी करायचा असेल तर दर १० धावांच्या फरकाला एक विजय धरा: यँकीजचा फरक अधिक ४०, म्हणून ७७ (१५४ चे निम्मे) अधिक ४, म्हणजे ८१. तोंडी कामाला एवढं पुष्कळ झालं.

हेच गणित शिकागोवर चालवलं की चित्र बदलतं. त्यांच्या धावांवरून ८७ विजय निघतात, मिळाले ९४. एका धावेने सुटलेल्या सामन्यांत ते ३५-१५ होते, हे त्याचं मोठं कारण. तक्त्यातलं १५ सामन्यांचं अंतर धावांच्या भाषेत जेमतेम पाचेक विजयांचं आहे. धावांच्या फरकात लीगमध्ये पहिला होता क्लीव्हलँड, अधिक ९९. यँकीज शिकागोच्या फार मागे पडले हे वाक्य तक्त्यापुरतं खरं. त्यांची ताकद तेवढी कमी होती असं त्यावरून ठरत नाही.

पण म्हणून 'नशीब फुटकं' एवढं लिहून मोकळं होऊ नका. तुलना आदल्या वर्षाशीही करायची असते आणि तिथेच खरी गोम आहे.

लीगची सरासरी विसरलात तर

१९५८ साली यँकीजने ७५९ धावा केल्या, ५७७ दिल्या, ९२ सामने जिंकले. १९५९ शी ताडून पाहा: केलेल्या धावा ७२ ने घटल्या, दिलेल्या ७० ने वाढल्या. यावरून पडझड निम्मी बॅटिंगची आणि निम्मी पिचिंग-फील्डिंगची, असा निष्कर्ष हमखास काढला जातो. तो चुकीचा आहे.

१९५८ मध्ये लीगच्या एकूण धावा ५१५९ होत्या, म्हणजे संघामागे ६४५. १९५९ मध्ये ५३९१, संघामागे ६७४. त्या वर्षी सगळ्याच लीगमध्ये संघामागे २९ धावा जास्त झाल्या. म्हणून प्रत्येक आकडा त्या-त्या वर्षीच्या सरासरीपासून मोजायचा.

बॅटिंग: १९५८ मध्ये सरासरीपेक्षा ११४ धावा जास्त, १९५९ मध्ये फक्त १३ जास्त. घसरण १०१.
पिचिंग-फील्डिंग: १९५८ मध्ये सरासरीपेक्षा ६८ धावा कमी दिल्या, १९५९ मध्ये २७ कमी. घसरण ४१.

दोन्ही मिळून १४२. ताळा: धावांचा फरक १८२ वरून ४० वर आला, म्हणजे १४२ च. दहाला एक या हिशोबाने १४ विजय, आणि प्रत्यक्षात कमी झाले १३. आता चित्र स्पष्ट होतं. गेलेल्या धावांपैकी सुमारे ७० टक्के बॅटिंगच्या खात्यावर आहेत. पिचिंग १९५९ मध्येही सरासरीपेक्षा चांगलंच होतं. ही पायरी वगळली तर पुढचं सगळं विश्लेषण चुकीच्या दिशेने जातं, आणि तेही अगदी आत्मविश्वासाने.

मैदानाचा मुद्दा इथे हमखास निघतो. तेव्हाच्या यँकी स्टेडियमची उजवी रेषा २९६ फुटांवर, तर डावीकडच्या मधल्या भागात भिंत ४५७ फुटांवर. उजव्या हाताच्या बॅटरला तिथे होम रन मारणं महाकठीण. दोन संघांची तुलना करताना हे धरायलाच हवं. पण एकाच संघाच्या दोन वर्षांत मैदान तेच असेल तर घसरणीचं कारण म्हणून त्याला पुढे करता येत नाही.

आता खेळाडू

१०१ धावा शोधायच्या आहेत एवढं ठरलं की नावांना अर्थ येतो. मिकी मँटल १९५८ मध्ये .३०४ बॅटिंग ॲव्हरेज आणि ४२ होम रन, १९५९ मध्ये .२८५ आणि ३१. त्याने स्वतः पूर्ण केलेल्या धावा १२७ वरून १०४ वर आल्या, वॉक (चार चुकीचे चेंडू पडून फुकट मिळालेला पहिला बेस) १२९ वरून ९३ वर. वॉककडे लक्ष द्या. ॲव्हरेजमधली १९ पॉइंटची घट सगळ्यांना दिसते, पण बेसवर पोचण्याच्या ३६ संधी गेल्या हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं, आणि धावांच्या दृष्टीने दुखणं तिथेच जास्त आहे.

बिल स्कोरॉनचं उदाहरण दुखापतीचा हिशोब शिकण्यासाठी चांगलं. जुलैअखेर पहिल्या बेसवर रनरशी टक्कर होऊन त्याच्या हाताचं हाड मोडलं. हंगामात खेळला ७४ सामने, १५ होम रन, ५९ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर संघाला मिळालेल्या धावा). इथे मोह होतो तो हे आकडे दुप्पट करून 'एवढं नुकसान' म्हणण्याचा. तसं करू नका. त्याच्या जागी कोणीतरी खेळलाच, आणि आरबीआय हे त्याच्या आधी आलेल्या बॅटर्सनी बेसवर पोचण्यावर अवलंबून असतात. चांगला नियमित खेळाडू आणि बदली खेळाडू यांच्यात पूर्ण हंगामात ३० ते ४० धावांचा फरक धरला तर उरलेल्या साठेक सामन्यांत तो १२ ते १५ होतो. बऱ्यापैकी मोठा, पण १०१ पैकी फारच थोडा. दुखापतीने हंगाम बुडाला असं म्हणणाऱ्याला उरलेल्या ८५ धावांचा हिशोब द्यावा लागेल.

हंगामाच्या मधे अदलाबदल झालेले खेळाडू वेगळे लिहा. हेक्टर लोपेझ मे १९५९ मध्ये राल्फ टेरीसोबत कॅन्सस सिटीहून आला. त्याच्या नावावर २२ होम रन आणि ९३ आरबीआय दिसतात, पण दोन्ही संघ एकाच लीगमधले असल्यामुळे ती बेरीज आहे. यँकीजसाठी १६ आणि ६९.

पिचरच्या विजय-पराभवावर विसंबू नका. बॉब टर्ली २१-७ वरून ८-११ वर आला आणि ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, फील्डिंगच्या चुका वगळून) २.९७ वरून ४.३२, इथे दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात. पण व्हायटी फोर्ड पाहा: विजय १४ वरून १६ झाले, ईआरए मात्र २.०१ वरून ३.०४. विजयांचा रकाना पाहिला तर तो सुधारला असं वाटेल. सेव्हचा (आघाडी टिकवून सामना संपवणाऱ्या पिचरला मिळणाऱ्या श्रेयाचा) आकडा त्या वर्षासाठी दिसला तर तो मागाहून मोजलेला आहे हे लक्षात असू द्या. अधिकृत नोंद १९६९ पासूनची. सॅक्रिफाइस फ्लायची (झेलबाद होऊनही रनरला धाव मिळवून देणाऱ्या फटक्याची) स्वतंत्र नोंद १९५४ पासून, मुद्दाम दिलेल्या वॉकची १९५५ पासून, त्यामुळे त्याआधीच्या हंगामाशी तुलना करताना हे रकाने रिकामे दिसतील.

सामनावार वही

रकाने एवढेच ठेवा: तारीख, घर की बाहेर, प्रतिस्पर्धी, आपल्या धावा, त्यांच्या धावा, सुरुवातीचा पिचर, चालू विजय-पराभव. रविवारी आणि सुटीच्या दिवशी डबलहेडर असायचे, म्हणून एका तारखेला दोन ओळी ठेवायची सोय करा. इथेच सामने गळतात.

मूळ बॉक्स स्कोअरवरून (एका सामन्याच्या छापील धावफलकावरून) काम करत असाल तर प्रत्येकाचा तोल तपासता येतो. ॲट बॅट (वॉक वगैरे सोडून बॅटिंगच्या पाळ्या), वॉक, हिट बाय पिच (अंगावर चेंडू लागून मिळालेला बेस) आणि सॅक्रिफाइस (स्वतः बाद होऊन रनरला पुढे नेणं) यांची बेरीज ही धावा, बेसवर अडकलेले रनर आणि प्रतिस्पर्ध्याचे पुटआउट (त्यांनी बाद केलेले गडी) यांच्या बेरजेइतकी यायला हवी. समजा ॲट बॅट ३४, वॉक ४, सॅक्रिफाइस १: एकूण ३९. समोर धावा ५, अडकलेले ७, पुटआउट २७: एकूण ३९. जुळलं. आघाडीवरचा यजमान संघ नवव्या इनिंगमध्ये बॅटिंगला येत नाही, तेव्हा २७ ऐवजी २४ धरा. तरीही एकाचा फरक उरला तर कॅचर इंटरफरन्स (कॅचरने बॅटरला अडथळा आणणं) झाला होता का ते पाहा.

मग १५४ सामन्यांचे २२-२२ चे सात तुकडे करा. तुकडे आधी ठरवा, निकाल पाहून नाही. २० मे रोजी संघ तळाला होता म्हणून तिथेच रेघ मारली तर पुढचा भाग आपोआप झकास दिसतो, कारण सगळ्यात वाईट क्षण तुम्हीच निवडलेला असतो. शिवाय अगदी बरोबरीच्या ताकदीचा संघही २२ सामन्यांत नुसत्या योगायोगाने दोन-अडीच विजयांनी इकडेतिकडे होतो. १३-९ किंवा ९-१३ या तुकड्याला स्वतंत्र कारण शोधत बसायचं नाही. पूर्ण १५४ सामन्यांत हा हेलकावा सहा विजयांचा असतो. जुलैमध्ये बोस्टनच्या फेनवे पार्कवर यँकीज लागोपाठ पाच सामने हरले; बातमी म्हणून जबर, पण पाच सामन्यांवरून संघाबद्दल काही ठरवता येत नाही.

वाचन बरोबर आलं का हे पुढच्या वर्षावरून तपासायचं. डिसेंबर १९५९ मध्ये यँकीजने हँक बाउअर, डॉन लार्सन, नॉर्म सीबर्न आणि मार्व्ह थ्रोनबेरी देऊन रॉजर मॅरिससह तिघे कॅन्सस सिटीकडून घेतले, म्हणजे दुरुस्ती बॅटिंगचीच केली. १९६० मध्ये मॅरिसने ३९ होम रन मारले आणि संघ ९७-५७ ने पेनंट घेऊन गेला. पण इथेही सूत्र लावा: धावा ७४६ आणि ६२७, म्हणजे ९० विजय. ७९ वरून ९७ ही १८ ची उडी दिसते, धावांवरून मात्र ती ८२ ते ९०, आठच. आणि १९६१ पर्यंत जायचं असेल तर विजयांचे आकडे सरळ ताडू नका: लीग दहा संघांची झाली आणि हंगाम १६२ सामन्यांचा, म्हणून तिथून पुढे फक्त टक्केवारी किंवा सामन्यामागच्या धावा.