मेंदूज्वरानंतर पुन्हा कॉलेज: या चुका टाळा

माझ्या धाकट्या भावाला मेंदूज्वर झाला तेव्हा तो बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होता. ताप उतरला, तो चालू-बोलू लागला आणि आम्ही धरून चाललो, पोरगा बरा झाला. पहिली चूक तीच. मेंदूची सूज ओसरली तरी आठवण, लक्ष आणि विचारांचा वेग मागे राहू शकतो. वरून काहीच दिसत नाही. घरच्यांनो, कृपा करून त्याला आळशी म्हणू नका. आम्ही म्हटलं होतं, ते मला अजून टोचतं.

सगळ्यात महागात पडलं ते जागरण. आधी एका बैठकीत धडा पाठ व्हायचा, म्हणून आता तो रात्री दोन-दोनपर्यंत बसू लागला. सुस्ती येते म्हणून झटका (फिट) येऊ नये यासाठी दिलेली गोळीही टाळली. ऐन विंटरच्या (हिवाळी सत्राच्या) परीक्षेत त्याला झटका आला. गोळ्या चालू असतील तर झोप मोडू नका आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका.

असा मेंदू लवकर थकतो, मग वाचलेलं नुसतं डोळ्यांखालून जातं. आता तो वीस मिनिटं वाचतो, पुस्तक मिटतो, आठवेल तेवढं लिहितो, मग ताडून पाहतो. तोच भाग दुसऱ्या दिवशी, पुन्हा तीन दिवसांनी. यवतमाळहून एस.टी.नं आला की आधी अर्धा तास पडतो. परीक्षेआधी त्याला कापूस वेचायला नेत नाही. खिशात एकच वही: तास, गोळीची वेळ, शेवटची गाडी. आधी तीन वह्या होत्या, कोणती कुठे ठेवली तेच आठवायचं नाही.

कागदपत्रांना उशीर केला तो आम्हीच. डिस्चार्ज कार्ड, एमआरआय, स्मरणशक्तीच्या चाचणीचा अहवाल जपून ठेवा आणि सत्र सुरू होताच युडीआयडीचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज करा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना सरकारी व अनुदानित कॉलेजांत किमान ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सूट आहे. टक्के कमी भरले तरी लिहायला अडचण असेल तर लेखनिक मागा. ४० टक्क्यांवर अडून बसता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सांगितलंय.

आणि एटीकेटी लागली म्हणून कॉलेज सोडू नका. भावाचा अर्थशास्त्राचा राहिलेला पेपर तिसऱ्या प्रयत्नात निघाला.