महिन्याच्या औषधांचा खर्च कसा आवरायचा: एका गोळीच्या भावापासून कूपनापर्यंत

'औषधांवर २० टक्के सूट' अशी पाटी दिसली की पाय आपोआप तिकडे वळतात. पण सूट कुठल्या किमतीवर आहे हे बघितल्याशिवाय त्या २० ला काही अर्थ नाही. आमचं घर मालवण तालुक्यात, समुद्राच्या बाजूला. घरात सासऱ्यांना बीपी, सासूबाईंना बीपी आणि साखर दोन्ही. महिन्याच्या गोळ्या आणायचं काम माझ्याकडे आहे. बचत गटाची वही लिहायची सवय आहेच, तशी औषधांचीही एक वही ठेवते. तिच्यात एक गोळी कितीला पडली एवढंच लिहिते.

उदाहरण घ्या. एका कंपनीची १५ गोळ्यांची पट्टी १२० रुपयांची आहे आणि मेडिकलवाला १० टक्के सोडतो. १०८ रुपये झाले, म्हणजे गोळी ७ रुपये २० पैशांना पडली. दुसऱ्या कंपनीची तीच गोळी, १० ची पट्टी, ९० रुपये, सूट २० टक्के. ७२ रुपये झाले, गोळी पुन्हा ७ रुपये २० पैशांनाच. पाटीवर सूट दुप्पट, आणि खिशात फरक काहीच नाही. म्हणून दुकान बदलण्याआधी, ॲप उतरवून घेण्याआधी हा भागाकार करा.

'तीच गोळी' कशी ओळखायची, तर पट्टीच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं: टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन, मेटफॉर्मिन असं. त्यापुढे मिलिग्रॅमचा आकडा. नावानंतर 'एसआर' किंवा 'ईआर' अशी अक्षरं असतील तर ती गोळी पोटात हळूहळू विरघळणारी असते, तिच्या जागी साधी गोळी चालत नाही. मूळ नाव, मिलिग्रॅम आणि ही अक्षरं, तिन्ही जुळली तरच भावाची तुलना करायची. आणि कंपनी बदलण्याआधी दोन्ही पट्ट्या डॉक्टरांना दाखवायच्या. थायरॉइड, फिट्स आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत तर चार रुपयांसाठी स्वतःच्या मनाने कंपनी बदलूच नका.

आता कुठून घ्यायचं. कूपनाचा विचार मी सगळ्यात शेवटी करते.

पहिली चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्रात. बीपी आणि साखरेच्या नेहमीच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरचेही पैसे लागत नाहीत. कधी एखादी गोळी संपलेली असते हे खरं, पण तीनपैकी दोन मिळाल्या तरी उरलेल्या एकीचाच खर्च राहतो. 'सरकारी गोळीत दम नसतो' असं म्हणून आपल्याकडे बरीच शहाणी माणसं तिथे फिरकत नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तीच माणसं नंतर पैसे नाहीत म्हणून गोळी एक दिवसाआड घेताना दिसतात. बीपीची गोळी अशी घेतली तर बीपी ताब्यात राहत नाही.

दुसरी चौकशी जनऔषधी केंद्रात. केंद्र सरकारची ही योजना २००८ पासून आहे. तिथल्या गोळ्या नावाजलेल्या कंपन्यांच्या मानाने ५० ते ९० टक्के स्वस्त असतात. 'जनऔषधी सुगम' हे ॲप फोनवर घ्या. त्यात जवळचं केंद्र सापडतं आणि मूळ नाव टाकलं की भाव दिसतो. निघण्याआधी केंद्रात फोन करून गोळी शिल्लक आहे ना ते विचारा, नाहीतर एसटीचं भाडं फुकट जातं. आमच्याकडे तालुक्याच्या बाजाराला कोणी ना कोणी जातंच. तीन-चार घरांच्या चिठ्ठ्या एकत्र केल्या की भाडंही वाटलं जातं.

म्हाताऱ्या माणसांची एक अडचण असते. पट्टीचा रंग बदलला की त्यांचा विश्वास उडतो. सासूबाईंनी जनऔषधीची पट्टी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, "गो, ही गोळी वायली दिसता. माका नको." मी वाद घातला नाही. जुनी पट्टी, नवी पट्टी आणि त्यांना घेऊन आरोग्य केंद्रात गेले. डॉक्टरांनी दोन्हींवरचं नाव त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, मग त्यांनी गोळी घेतली. आता नवी पट्टी घरात आली की काळ्या मार्करने तिच्यावर 'सकाळ' किंवा 'रात्र' लिहिते, आणि मुदतीची तारीख छापलेली कड शेवटपर्यंत कापत नाही.

तिसरं आपलं गावातलं मेडिकल. त्याच्याशी बोलायला लाजू नका, पण त्याचं गणितही समजून घ्या. अत्यावश्यक औषधांची कमाल किंमत सरकार ठरवतं आणि त्या हिशोबात किरकोळ दुकानदाराचा नफा १६ टक्के धरलेला असतो. त्याने त्यातले १० सोडले तर ते पुष्कळ झाले. शहरातल्या साखळी दुकानाएवढी सूट त्याच्याकडे मागणं बरोबर नाही. मी महिन्याची यादी दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर पाठवते, एकदम रोख देते, आणि नेहमीच्या गोळ्यांवर ठरलेली सूट घेते. त्यालाही माल मागवायला वेळ मिळतो. मध्यरात्री पोराला ताप भरला तर शटर वर करणारा हाच दादा असतो, ॲप नव्हे. त्यामुळे सगळीच खरेदी बाहेर न्यायची नाही, असा आमच्या घरचा नियम आहे.

मात्र साध्या मेडिकलमध्ये 'जेनेरिक' (औषध तेच, पण नावाजलेल्या कंपनीचं नव्हे) म्हणून पट्टी दिली तर तिच्यावरची छापील किंमत शेवटची समजू नका. अशा कित्येक पट्ट्यांवर छापील भाव चढा असतो आणि दुकानाची खरेदी त्याच्या कितीतरी खाली. तिथे "जेनेरिकवर किती सोडता?" असं सरळ विचारा. पट्टी कापून सुट्या गोळ्या घेतल्या तर पट्टीच्या भावाने जेवढे होतात तेवढेच पैसे द्यायचे, वर काही नाही. बिल दरवेळी मागा. त्यावर बॅच नंबर असतो आणि न फोडलेली पट्टी परत करायची झाली तर तोच उपयोगी पडतो. आणि पट्टीवर बनवल्याची तारीख बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. त्याआधीची पट्टी असेल तर कर उतरवून भाव लावलाय का ते विचारा. ११२ रुपये छापलेली पट्टी या हिशोबाने १०५ ला यायला हवी.

आता कूपन. ॲपवर 'सरसकट २५ टक्के' असं लिहिलेलं असतं, आणि खाली बारीक अक्षरात 'कमाल १५० रुपये'. म्हणजे ६०० रुपयांच्या खरेदीवर पूर्ण २५ टक्के मिळतात, १००० च्या खरेदीवर मात्र १५ टक्केच. तेव्हा कमाल रकमेला टक्क्याने भागून, १०० ने गुणून तो आकडा काढायचा आणि खरेदी तेवढ्याचीच करायची. उरलेलं सामान दुसऱ्या खेपेला किंवा नणंदेच्या फोनवरून. मात्र डिलिव्हरी, पॅकिंग, हाताळणी असे जे आकार शेवटच्या पानावर उगवतात ते वजा केल्याशिवाय सूट धरायची नाही. सगळ्यात आधी पिनकोड टाकून बघा. किनाऱ्यावरच्या कित्येक गावांना घरपोच सोयच नसते, किंवा माल यायला आठवडा लागतो. गोळ्या आठ-दहा दिवसांच्या शिल्लक असतानाच मागणी नोंदवायची. इन्सुलिन मी कधीच अशी मागवत नाही. तिला वाटेत थंडावा लागतो, ती फ्रिज असलेल्या जवळच्या दुकानातूनच आणते.

पॉइंट आणि कॅशबॅक म्हणजे रोख नव्हे. १०० रुपयांचा कॅशबॅक मिळाला, पण पुढच्या बिलाच्या १० टक्क्यांपर्यंतच वापरता येतो अशी अट असेल, तर ४०० च्या बिलात त्यातले ४० च वळते होतात. मुदत तर नक्की बघा. ३० दिवसांची मुदत असेल आणि तुमच्या गोळ्याही ३० दिवसांनी संपत असतील, तर पुढच्या खरेदीला थोडा जरी उशीर झाला तरी पॉइंट मरतात. अशा वेळी पुढची खरेदी पंचविसाव्या दिवशी करा. दुकानाच्या कार्डावर घरातला एकच मोबाइल नंबर लावा, म्हणजे पॉइंट विखुरत नाहीत. आणि व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या कूपनाच्या लिंकवर ओटीपी कुणीही देऊ नये, घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पुन्हा पुन्हा सांगा.

कूपन खरं कामाला येतं ते गोळ्यांपेक्षा इतर सामानावर: मोठ्यांचे डायपर, मलमपट्टी, अंगाचा साबण, प्रोटीन पावडर. साखर तपासायचं मशीन मात्र कूपनाला भुलून घेऊ नका. मशीन एकदाच घ्यायचं असतं, रक्ताचा थेंब घ्यायच्या स्ट्रिप दर महिन्याला लागतात. आधी स्ट्रिपचा भाव बघा, मग मशीन ठरवा. मुलींसाठी जनऔषधी केंद्रातले 'सुविधा' पॅड एक रुपयाला एक मिळतात. तिथे कूपनाची गरजच नाही.

गणपतीला आणि शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्यांचाही उपयोग करून घ्या. शहरातल्या मोठ्या दुकानांत सूट जास्त असते. आमची नणंद डोंबिवलीहून येते तेव्हा पंधरा दिवस आधी तिला चिठ्ठीचा फोटो आणि पट्टीच्या मागच्या बाजूचा फोटो, दोन्ही पाठवते. नुसतं नाव कळवलं तर मिलिग्रॅममध्ये घोळ होतो.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच करायची. जून-जुलैत मासेमारी बंद, घरात पैसा कमी, आणि घाटात दरड आली की कुरियर अडकून पडतं. म्हणून मेच्या शेवटी एक महिन्याच्या गोळ्या जादा घेऊन ठेवते. एकच महिना, जास्त नाही. डॉक्टर मात्रा बदलतात, आणि आपल्याकडची दमट हवा गोळ्यांना सोसत नाही. गोळ्या पट्टीतून काढून बाटलीत भरू नका. पट्ट्या घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून आणि मोरीपासून लांब ठेवा. ज्यांची मुदत आधी संपते त्या वर, बाकीच्या खाली.