चामखीळ हटत नाही म्हणून ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल? या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्यातल्या मेडिकलच्या काउंटरवर बसलं की मोबाईलवर सध्या काय फिरतंय ते आपोआप कळतं. मागे झिंक होतं, मग बायोटिन. आता चामखिळीसाठी ‘व्हिटॅमिन ए’ची पन्नास हजार युनिटवाली कॅप्सूल मागतात. बहुतेकांनी आधी बरंच काही करून पाहिलेलं असतं, त्यामुळे ते वैतागलेले असतात, आणि ते समजण्यासारखं आहे.

‘अ’ जीवनसत्त्वाने चामखीळ जाते, या समजाला थोडा आधार आहे. चामखीळ होते एचपीव्ही नावाच्या विषाणूने. तो त्वचेच्या वरच्या थरात शिरतो आणि तिथल्या पेशी भराभर वाढवतो. त्या पेशींची वाढ नीट व्हायला आणि प्रतिकारशक्ती जागेवर राहायला ‘अ’ जीवनसत्त्व लागतंच. 2012 साली ‘व्हायरॉलॉजी जर्नल’मध्ये एका तिशीतल्या बाईची केस आली होती: हाताच्या पाठीवरच्या जुन्या, कशालाच न जुमानणाऱ्या चामखिळी ‘अ’ जीवनसत्त्वाने गेल्या. पण तिने ते वरून लावलं होतं, माशाच्या यकृताच्या तेलातलं, रोज. मोठी चामखीळ जायला सहा महिने लागले. फॉरवर्ड होता होता ‘लावलं’चं ‘खाल्लं’ झालं. शिवाय ही एकाच माणसाची गोष्ट. चामखिळी औषधाविनाही जातात, मुलांमध्ये तर बऱ्याचदा वर्षा-दोन वर्षांत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे स्वतःच्या मनाने रोज कॅप्सूल घेणं. मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण 840 ते 1000 मायक्रोग्रॅम, म्हणजे तीन हजार युनिटच्या आसपास. रोजची वरची मर्यादा 10,000 युनिट. आणि कॅप्सूल 50,000ची! यावर एक प्रश्न हमखास येतो: “अहो, बाळाला अंगणवाडीत दोन लाख युनिटचा डोस देतात, मग मला पन्नास हजारांनी काय होणार?” तो डोस सहा महिन्यांतून एकदाच असतो, ताई, आणि पाच वर्षांपर्यंतच. हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठतं. डोकेदुखी, ओठ फुटणं, केस गळणं, पुढे यकृतालाच इजा. गरोदर बाईने किंवा दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईने तर या मोठ्या डोसच्या वाटेला जाऊच नये, बाळात व्यंग येऊ शकतं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर सोबत ही कॅप्सूल अजिबात नको.

रक्त तपासून घेऊ का, असंही विचारतात. रेटिनॉल (रक्तातलं ‘अ’ जीवनसत्त्व) लिटरमागे 0.70 मायक्रोमोलच्या खाली गेलं की कमतरता मानतात. पण यकृतातला साठा बराच संपेपर्यंत रक्तातला आकडा ठीकच दिसतो, आणि तापात तो तात्पुरता खालीही येतो. ताप उतरताच केलेल्या रिपोर्टवरून घाबरू नका. रातांधळेपणा, डोळे कोरडे पडणं, दंड-मांड्यांवर काटेरी खरखरीत त्वचा, जुनाट जुलाब किंवा यकृताचा आजार असं काही असेल तर डॉक्टरांना सांगा. बाकीच्यांनी जांभळी नाक्यावरून शेवग्याचा पाला, माठ, लाल भोपळा, गाजर आणावं आणि तेलाची फोडणी द्यावी. स्निग्ध पदार्थाशिवाय ते अंगी लागत नाही. उकडून, तेल न घालता खाणाऱ्या डाएटवाल्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता खरी मेख. ‘औषधाला दाद देत नाही’ असं ज्यांचं म्हणणं असतं, त्यातल्या अनेकांनी औषध नीट वापरलेलंच नसतं. सॅलिसिलिक अॅसिडचं लोशन रोज लावून बारा आठवडे चालवायचं असतं. लोक दोन आठवड्यांत बाटली ठेवून देतात. रात्री जागा पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, वरची पांढरी मेलेली कातडी वज्रीने हलकेच घासा, भोवती व्हॅसलिन लावा आणि औषध फक्त चामखिळीवर ठेवा. ती वज्री वेगळीच ठेवा, घरातल्या इतरांनी वापरू नये. तोंडावर, गुप्तांगावर हे लावायचं नाही. मधुमेह असेल तर पायाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

तळपायाचं कुरूप समजून चामखीळ कापणारेही भेटतात. चामखिळीवर तळव्याच्या रेषा तुटलेल्या दिसतात, घासल्यावर काळे ठिपके दिसतात (त्या गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या), आणि दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबलं की ती दुखते. कुरूप सरळ वरून दाबल्यावर दुखतं. कुरूप असेल तर विषाणूचा प्रश्नच नाही, चप्पल बदला.

बिब्बा, चुना-सोडा, अगरबत्तीचा चटका यांबद्दल मला दयामाया नाही. बिब्ब्याने आजूबाजूची कातडी भाजून फोड आलेला पाय बघितलात तर तुम्हालाही राहणार नाही. दाढीत चामखीळ असेल तर त्यावरून वस्तरा फिरवू नका, रांगच्या रांग उठते.

तीन महिने नीट औषध लावूनही फरक नसेल, चामखिळी भराभर वाढत असतील, किंवा पन्नाशीनंतर एखादी नवीन उगवून रक्त येत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञच गाठा. द्रव नायट्रोजनने गोठवणं दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने अनेकदा करावं लागतं. एका बैठकीत गेली नाही म्हणून डॉक्टर बदलू नका. काही जण चामखिळीतच एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लशीचं किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. हट्टी चामखिळीवर रेटिनॉइडही वापरतात, पण ती ‘अ’ जीवनसत्त्वाच्या घराण्यातली वेगळी औषधं आहेत, ती चिठ्ठीशिवाय मागू नका. आणि जाताना आधी काय-काय लावलं त्याची यादी न्या, बिब्बा धरून.