युरोपच्या इतिहासाचे मूळ कागद घरबसल्या कसे शोधायचे

एमएला किंवा नेट-सेटला आधुनिक युरोप असणारे बरेच जण नोट्सवरच भागवतात, कारण मूळ कागद लंडन-पॅरिसच्या दप्तरखान्यात पडलेले असणार, ते आपल्याला कुठून मिळणार असं वाटतं. पण ढीगभर कागद आज ऑनलाइन फुकट आहेत, फक्त शोधायचं कसं ते कळलं पाहिजे.

सर्चमध्ये 'औद्योगिक क्रांती' असा भलामोठा शब्द टाकू नका, दुसऱ्यांनी लिहिलेले सारांशच हाती लागतात. पुस्तकातलं एकच वाक्य पकडा. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये 1842 च्या कायद्याने बायका, मुली आणि दहा वर्षांखालची मुलं यांना खाणीत जमिनीखाली कामाला लावायला बंदी झाली. मग स्वतःलाच विचारा, हे कशावरून ठरलं, आधी चौकशी झाली असणार ना, मग तिचा अहवाल कुठाय?

तर आधी फोर्डहॅम विद्यापीठाचं इंटरनेट मॉडर्न हिस्टरी सोर्सबुक उघडा. दिसायला जुनाट साइट आहे, पण सगळं विषयवार लावलेलं आहे आणि खाणीतल्या बायकांच्या साक्षींचे उतारे तिथे मिळतात. पण उताऱ्यावर थांबू नका, कारण काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. अहवालाचं नाव उचला आणि इंटरनेट आर्काइव्ह, गूगल बुक्स, हाथीट्रस्ट या जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन संग्रहांत टाकून बघा. याच चौकशीत सारा गुडर नावाच्या आठ वर्षांच्या मुलीची साक्ष आहे. खाणीतलं हवेचं दार उघडायचं-लावायचं हे तिचं काम, पहाटे चारला, कधी साडेतीनलाच आत जायची आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला बाहेर यायची. ती सांगते की उजेड असला तर मी कधीकधी गाते, अंधारात नाही, तेव्हा गायची हिंमत होत नाही. नोट्समध्ये 'बालमजुरीची समस्या' एवढंच असतं हो, ही पोरगी त्यात कुठेच नसते.

पुढची पायरी हॅन्सार्ड, म्हणजे ब्रिटिश संसदेतली भाषणं. जुनं हॅन्सार्ड 1803 पासूनचं ऑनलाइन आहे, 7 जून 1842 या तारखेला जा, हा कायदा मांडणाऱ्या लॉर्ड अ‍ॅशलीचं लांबलचक भाषण सापडेल. मग लॉर्ड्सच्या, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहातली चर्चाही वाचा, लॉर्ड लंडनडेरी स्वतः खाणमालक, त्याचा विरोध होता, त्याची बाजूही कळली पाहिजे. एक लक्षात ठेवा, 1909 च्या आधीचं हॅन्सार्ड शब्दशः नाही, बरंचसं वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून जुळवलेलं आहे, म्हणून 'तो असं म्हणाला' असं लिहिताना जपून.

शब्द त्या काळचे वापरा, ही खरी किल्ली आहे. 1915 च्या पेपरात 'फर्स्ट वर्ल्ड वॉर' शोधून काय मिळणार, तेव्हा लोक 'ग्रेट वॉर' किंवा 'युरोपियन वॉर' म्हणायचे. अमेरिकन पेपरांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचं क्रॉनिकलिंग अमेरिका बघा. अठराव्या शतकातल्या इंग्रजी छपाईत लांब एस (ſ), म्हणजे एफसारखा दिसणारा एस असायचा, कॉम्प्युटर तो एफ म्हणून वाचतो, त्यामुळे शब्द सापडला नाही तर एसच्या जागी एफ टाकून बघा. तारखांचंही तसंच, रशियात तेव्हा जुनं कॅलेंडर होतं, तिथला 25 ऑक्टोबर 1917 म्हणजे आपल्या कॅलेंडरने 7 नोव्हेंबर, आणि फ्रान्सच्या क्रांतीतल्या वेगळ्या कॅलेंडरमधला वर्ष दोनचा 9 थर्मिडॉर (महिन्याचं नाव) म्हणजे 27 जुलै 1794.

फ्रान्ससाठी तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गॅलिका हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, प्रचंड आहे, पण शोध फ्रेंचमध्येच घ्या, भाषांतराचं अ‍ॅप बाजूला उघडं ठेवलं की जमतं. इंग्रजीच हवं असेल तर जॉर्ज मेसन विद्यापीठाची फ्रेंच क्रांतीवरची साइट सोपी आहे. तह-करारांसाठी येल लॉ स्कूलचा अ‍ॅव्हलॉन प्रोजेक्ट, व्हर्सायचा तह तिथे आहे. गुन्हे आणि सामान्य माणसं यांच्यासाठी ओल्ड बेली ऑनलाइन, लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी कोर्टातले 1674 ते 1913 चे खटले, मदनलाल धिंग्रांचा 1909 चा खटलाही त्यातच आहे.

कागद सापडला की लगेच कुणी, कधी, कुणासाठी लिहिला, पान कितवं आणि लिंक कुठली हे वहीत टिपून ठेवा, नंतर शोधू म्हटलं की तेच पान परत सापडता सापडत नाही.