बालवर्गाच्या नाताळ पार्टीसाठी काड्यांचं झाड

चार-पाच वर्षांच्या मुलांकडून पार्टीत एकच वस्तू करून घ्या. दोन ठेवल्या की दोन्ही अर्धवट राहतात. आइस्क्रीमच्या काड्यांचं त्रिकोणी झाड सगळ्यात सोपं. 30 मुलांना 90 काड्या लागतात, पण 100 घ्या, काही तुटक्या निघतातच. नागपुरात इतवारी किंवा सीताबर्डीच्या बाजारात मिळतील.

काड्या दोन दिवस आधी हिरव्या रंगवा, वाळल्यावर त्रिकोण चिकटवून रात्रभर तसेच ठेवा. नागपूरच्या डिसेंबरातल्या थंडीत फेविकॉल सावकाश धरतो. वर्गात चिकटवायला दिलं तर मुलं लगेच उचलून बघतात आणि कोपरे सुटतात.

मुलांनी फक्त सजवायचं. चमकी नकोच, ती डोळ्यांत जाते, वर्षभर सतरंजीतून निघत नाही. त्यापेक्षा रंगीत टिकल्यांची पाकिटं आणा. गोंद नको, सांडलवंड नको, आणि चिमटीनं टिकली सोडवण्यात मुलं रमतात. प्रत्येकी 8-10 पुरेत. टिकली तोंडात घालणारं मूल मात्र बाईंच्या शेजारी बसवा. बर्फासाठी कापूस लावायचा असेल तर गोंद काडीला लावा, कापसाला नाही; नाहीतर तो बोटांनाच चिकटतो.

टांगायला 15 सेंमी लोकर, गाठ आधीच मारलेली. आणि मागे नाव लिहूनच झाड हातात द्या.