शिवणीवर उकललेलं फोमचं शिरस्त्राण दुरुस्त करताना

शिमगा आणि पाठोपाठ तिथीची शिवजयंती आली की किनाऱ्यावरच्या वाड्यावाड्यांत फोमची शिरस्त्राणं माळ्यावरून खाली येतात. बरीचशी वाकडी असतात, शिवणी उकललेल्या असतात. वरून चंदेरी रंग मारून वाकडेपणा जात नाही, उलट जास्त उठून दिसतो. टोप पूर्ण उघडायचा आणि पुन्हा जोडायचा, हाच खरा उपाय.

उघडण्याआधी पाकळ्यांना, म्हणजे टोप ज्या उभ्या तुकड्यांचा जोडलेला असतो त्यांना, आतून क्रमांक टाका आणि प्रत्येक सांध्यावर दर 3 सेंमीला आडवी रेघ मारा. ग्लू-गनचा डिंक ओढून काढू नका, फोमचा पापुद्रा निघतो. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट कडेवर सोडा, मिनिटभरात डिंक सुटतो. पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात हाच डिंक मऊ पडतो आणि सांधे उकलतात, म्हणून तो पुन्हा वापरायचाच नाही.

आता माप. डोक्याचा घेर 57 सेंमी असेल आणि आत 1 सेंमी जाड गादी लावायची असेल, तर टोपाचा आतला घेर 63 सेंमीच्या आसपास हवा. हे न धरल्यामुळेच टोप कपाळावर चढून बसतो. घेर कमी पडला तर मागच्या दोन पाकळ्यांच्या मध्ये पट्टी घाला, पुढून नको. कडा नव्या ब्लेडने एका दमात कापा; बोथट ब्लेड फोम फाडतं.

जोडायला कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह घ्या. दोन्ही कडांना पातळ हात द्या आणि 10–15 मिनिटं थांबा. बोट टेकवलं की चिकट लागावं, पण डिंक बोटाला येऊ नये. आपल्याकडच्या दमट हवेत कधी कधी डिंकावर पांढुरकी साय धरते. ती हवेतली ओल. तशीच दाबलीत तर सांधा आठवड्यात सुटेल. कोरडं होऊ द्या आणि पुन्हा एक हात द्या. हे काम दुपारी, उघड्या पडवीत, चुलीपासून लांब करा, कारण वाफ पेट घेते. रेघा जुळवून मधून टोकांकडे दाबत जा. एकदा टेकलेली कड सरकवता येत नाही.

फटी अ‍ॅक्रिलिक सीलंटने भरा. सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही. दिवसभर वाळू द्या. मग हीट-गन 15 सेंमीवरून सतत फिरवत पृष्ठभाग किंचित चकाकेपर्यंत तापवा, म्हणजे छिद्रं मिटतात. त्यावर पाण्याला टिकणाऱ्या फेव्हिकॉलचे 3–4 पातळ हात. साधा फेव्हिकॉल घामाने पुन्हा चिकट होतो. आधी काळा रंग, वर चंदेरी कोरड्या ब्रशने, खाचांत पातळ तपकिरी.

नाकपट्टी पाकळीच्या मध्यावर येऊ द्या, सांध्यावर नको. तिथे ताण पडून तो पहिला उकलतो. पट्टीच्या आत 3 मिमीची अ‍ॅल्युमिनियम तार घाला. मानेवरची कड्यांची झालर फेविक्विकने चिकटवलेली असेल तर काढाच, तो सांधा कडक होऊन तडकतो. झालर आधी रेक्झिनच्या पट्टीवर नायलॉनच्या दोऱ्याने शिवा, मग ती पट्टी दर 2 सेंमीला पितळी रिबिटने टोपाला लावा. लोखंडी रिबिट खाऱ्या हवेत गंजून डाग सोडतो. झालरीच्या वजनाने टोप मागे घसरतो, तेव्हा हनुवटीचा पट्टा कानांच्या पुढून बांधा.

पावसाळ्यात आत सुती फडकं कोंबून कापडी पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते.