नजर अधू झालेल्या माणसाचं घरातलं वावरणं सोपं कसं करावं

‘आता ऑपरेशनचा उपयोग नाही’ असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की घरचे बहुधा दोनच गोष्टी करतात. एकतर दुसऱ्या डॉक्टरकडे धाव घेतात, नाहीतर त्या माणसाला खुर्चीत बसवून ठेवतात. दुसरं मत जरूर घ्या. खुर्चीत मात्र बसवू नका.

१. कुठलं दिसत नाही, ते आधी विचारा

‘किती दिसतं?’ या प्रश्नानं फारसं हाती लागत नाही. मोतीबिंदूत सगळंच धुरकट होतं, पण बहुतेकदा शस्त्रक्रियेनंतर नजर परत येते. काचबिंदूत नजर कडेनं जाते आणि गेलेली परत येत नाही. पेपर वाचता येतो, पण बाजूचं स्टूल पायात येतं. मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग. त्याच्या झिजेत नेमकं उलटं. मधलंच जातं. समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही, पण कोपऱ्यात पडलेला चमचा दिसतो. मग घरात कुणीतरी म्हणतंच, ‘सोयीचं तेवढं बरं दिसतं!’ हे नाटक नसतं, आजारच तसा असतो.

म्हणून काचबिंदूवाल्याची चालण्याची वाट मोकळी ठेवा. मॅक्युलावाल्याला मोठी अक्षरं, भिंग आणि नजर जराशी बाजूला ठेवून पाहण्याचा सराव द्या. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा आतला पडदा तपासून घ्या, तक्रार नसली तरी.

अचानक प्रकाशाचे लखलखाट, काळ्या ठिपक्यांचा वर्षाव किंवा कडेनं पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. डोळा लाल होऊन ठणकतोय आणि उलट्या होताहेत, तरीही तेच.

२. थेंब नीट घाला

खालची पापणी ओढून एकच थेंब टाका, डोळा मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटानं मिनिटभर दाबून धरा. दुसऱ्या औषधाआधी पाच मिनिटं जाऊ द्या. बाटल्या सारख्याच दिसत असतील तर एकीला रबर बँड गुंडाळा.

३. रंग आणि जागा

चहा पांढऱ्या कपात, दूध गडद कपात. पायरीच्या कडेला आणि उंबरठ्याला पिवळी पट्टी. दारं पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद. अर्धवट दारावर कपाळ आपटतं. वस्तूची जागा विचारल्याशिवाय बदलू नका, अगदी दिवाळीच्या साफसफाईतही.

जेवणाच्या बाबतीत आपली जुनी वाढणी फार कामाची आहे. मीठ-लिंबू वर मध्ये, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, भात समोर. रोज हाच क्रम ठेवला की विचारावं लागत नाही. भात मात्र पांढऱ्या ताटात वाढू नका, आणि आमटीची वाटी ठेवताना ‘उजवीकडे, गरम आहे’ एवढं तोंडानं सांगा.

४. पैसे त्यांच्याच हाती राहू द्या

नव्या मालिकेतल्या 100, 200 आणि 500 च्या नोटांची रुंदी सारखीच असते, लांबी मात्र 142, 146 आणि 150 मिलिमीटर. चार मिलिमीटरचा फरक बोटांना कळायला सराव लागतो. त्यापेक्षा कडेच्या उठावाच्या रेघा चाचपा. शंभरावर चार, दोनशेवर चार रेघा आणि मध्ये दोन वर्तुळं, पाचशेवर पाच. नोट मळली की रेघा लागत नाहीत. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ हे मोफत अॅप नोट ओळखून बोलून दाखवतं.

५. चालताना ओढू नका

त्यांना तुमचा दंड कोपराच्या वर धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. मागून ढकलणं तर नकोच. पायरी आली की ‘वर’ किंवा ‘खाली’ सांगा. खुर्चीपाशी त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा, पुढचं ते करतील.

६. नसलेली माणसं दिसली तर

याबद्दल घरात कुणी बोलत नाही. नजर बरीच गेल्यावर काहींना भिंतीवर नक्षी, अंगणात मुलं, फेटे बांधलेली माणसं दिसतात. आवाज नसतो, आणि हे खरं नाही हे बहुतेकांना कळत असतं. डोळ्यांकडून येणारी माहिती आटली की मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो. चार्ल्स बॉने या स्विस निसर्गअभ्यासकानं 1760 मध्ये आपल्या आजोबांना दिसणाऱ्या अशा दृश्यांचं वर्णन केलं, म्हणून याला त्याचं नाव आहे. वेड लागल्याचं किंवा बाहेरचं काही झाल्याचं हे लक्षण नाही, उतारे-अंगारे नकोत. लोक हसतील या भीतीनं म्हातारी माणसं गप्प राहतात, तेव्हा तुम्हीच सहज विचारा. मात्र आवाजही येत असतील किंवा बोलण्यात गोंधळ असेल, तर कारण वेगळं असू शकतं. डॉक्टरांना सांगाच.

७. प्रमाणपत्र काढा

दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक सवलती लागू होतात; यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन भरता येतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं चष्मा लावून चांगल्या डोळ्याला किती दिसतं तेवढंच पाहिलं जात नाही, नजरेचा घेरही मोजला जातो. घेर 40 अंशांहून कमी असेल तर तोही अल्पदृष्टीत धरतात. म्हणजे काचबिंदूवाला तक्त्यावरची शेवटची ओळ वाचत असला तरी पात्र ठरू शकतो. तपासणीला जाताना फील्ड टेस्टचा, म्हणजे नजरेचा घेर मोजणाऱ्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट सोबत न्या.